बकुळाकाकींचा डावा कान

करी रोडला पुलाच्या बाजूला पूर्वी खिमजी चाळ होती. ती पाडून तिथे उंच इमारत झाली आणि चाळकऱ्यांना सोडत काढून घरं मिळाली. बकुळा नार्वेकर, म्हणजे सगळ्यांच्या बकुळाकाकी, यांच्या वाट्याला अठरावा मजला आला. घरातच संडास-बाथरूम, चोवीस तास पाणी, खिडकीतून पार शिवडीची खाडी दिसते. नावं ठेवायला जागा नाही असं घर. काकींनी वास्तुशांत केली, पुरणपोळ्या केल्या. मुलगा निलेश, सून प्राची बदलापूरहून आली, जेवली, खिडकीत उभं राहून फोटो काढले आणि गर्दी व्हायच्या आत निघून गेली. त्यांच्यामागे दार लागलं ते चांगलं भक्कम दार होतं. लागलं की बाहेरचं काही म्हणून आत येत नसे.

चाळीत काकींची खोली जिन्याला लागून होती. नवरा गेल्यावर आणि निलेशने वेगळं बिऱ्हाड केल्यावर तिथेही त्या एकट्याच राहत होत्या. पण दारात शिलाई मशीन टाकून त्या साड्यांना फॉल-बीडिंग करायच्या. पाय मशीनवर, डोळे सुईवर आणि कान गॅलरीत. जिना कोण चढतंय हे त्या मान वर न करता सांगायच्या. साडी टाकायला आलेली बाई उंबऱ्यावरच बसकण मारायची आणि सासूपासून गॅसच्या भावापर्यंत सगळं सांगून उठायची. शेजारच्या राधाबाई तर भिंतीपलीकडूनच विचारायच्या, "बकुळा, भाजी काय केलीस?" आणि काकी इकडून ओरडून सांगायच्या, "वालीची!"

आता राधाबाईंना सातवा मजला लागला होता, पण त्यांनी घर भाड्याने दिलं आणि त्या लेकाकडे कुडाळला गेल्या. बरेचजण असेच पांगले. गिऱ्हाइकंही आटली. खाली गार्डकडे नाव लिहा, कोणाकडे जायचं ते सांगा, मग तो वर इंटरकॉम करणार. एका फॉलसाठी एवढं कोण करणार? काकींच्या समोरच्या घरात एक नोकरी करणारी मुलगी भाड्याने राहायची. ती सकाळी काकी पूजेला बसलेल्या असताना जायची आणि काकींचं जेवण झाल्यावर यायची. तिचं नाव दारावर नव्हतं.

पहिले काही आठवडे काकींना वाटलं, सवय होईल. मग हळूहळू त्यांच्या मनाने घेतलं की आपल्याला ऐकू कमी यायला लागलंय. कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं वाटायचं. एकदा त्यांनी स्टीलच्या ताटावर चमचा आपटून पाहिला. आवाज आला, पण खूप लांबून आल्यासारखा. त्या रविवारी निलेशचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मोठ्याने बोल रे, ऐकू येत नाही."

"अगं आई, ओरडतोय मी. प्राची बघतेय माझ्याकडे."

"मग कानच गेले वाटतं माझे."

"कान नाही, मोबाईल जुना झालाय तुझा. आणि वाटत असेल तर दाखवून ये ना डॉक्टरला. मी आलो असतो, पण आमच्याकडे ऑडिट चालू आहे. ते संपलं की बघतो."

ऑडिट संपलं असेल किंवा नसेल. काकींनी पुन्हा विचारलं नाही.

फॉलचा माल आणायला त्या दादरला जायच्या. तिथल्या एका गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी एक पाटी दिसली. "कानांची नैसर्गिक शुद्धी. दडे बसणे, कमी ऐकू येणे, डोकेदुखी. औषध नाही, दुखणे नाही." काकी पाटी वाचत उभ्या राहिल्या. डॉक्टरकडे जायचं म्हणजे रांग, केसपेपर, आणि तो काय निदान करील त्याची धास्ती. इथे नुसता जिना चढायचा होता.

वर दर्शना नावाची तिशीतली मुलगी होती. छोटीशी खोली, पडदे लावलेले, कापराचा वास, मोबाईलवर पाणी वाहिल्याचा आवाज. तिने काकींचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही.

"कान चोंदलेत काकी तुमचे," ती म्हणाली. "मुंबईची धूळ काय कमी आहे? आडव्या व्हा. काही दुखत नाही."

काकी कुशीवर झोपल्या. दर्शनाने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल पसरला, मधे भोक पाडलेली कागदी थाळी कानावर ठेवली आणि मेणात बुडवलेल्या कापडाची वीतभर लांब पोकळ नळी त्या भोकातून कानात बसवली. मग वरच्या टोकाला काडी लावली.

"वर जळतं ना, तेव्हा आतून हवा ओढली जाते. त्या हवेबरोबर सगळा मळ वर येतो. हजारो वर्षांपासूनची पद्धत आहे."

कानात तडतड व्हायला लागलं, बारीक, चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं. काकी जरा धसकल्या. तशी दर्शनाने दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि कपाळापासून मागे केसांतून बोटं फिरवू लागली. "शांत राहा हं काकी. मी आहे."

काकींनी डोळे मिटून घेतले. आपल्या डोक्यावरून शेवटचा हात कुणी फिरवला होता ते त्यांना आठवेना. निलेशचे बाबा तसले नव्हते. आई असेल. आपण बाळंतपणाला गेलो होतो तेव्हा. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलं. पुसायला हात हलवावा तर मेणबत्ती हलेल, म्हणून तसंच राहू दिलं.

नळी जळून बोटभर उरली तेव्हा दर्शनाने ती विझवली आणि कात्रीने उभी चिरून दाखवली. आत पिवळट भुकटी आणि तपकिरी गोळे.

"बघा. केवढी घाण साठली होती."

काकींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई गो! हे माझ्या कानात?"

"सगळ्यांच्याच असतं. तुमचं जुनं आहे, चार-पाच वेळा यावं लागेल."

जिना उतरताना गल्लीतली सगळी गलबल काकींच्या कानावर आदळली. केळीवाला, हॉर्न, भांडण. त्यांना वाटलं, आलं की ऐकू! घरी जाऊन दार लावलं आणि पुन्हा कापसाचे बोळे.

चार-पाच वेळा झालं, त्यानंतरही काकी जातच राहिल्या. दर गुरुवारी. जायच्या आदल्या दिवशी केस धुवायच्या, जाताना चांगली साडी नेसायच्या. दर्शनाला आवडतात म्हणून डब्यात घावणे न्यायच्या, कधी सोलकढी. दर्शनाही बोलायची. ती शिवडीला राहायची, नवरा गोदीतल्या गोडाऊनवर ट्रक चालवायचा, त्याचा पाय घरात ठरत नसे. हे कानाचं काम ती अंधेरीला कुठल्याशा क्लासमध्ये शिकली होती. "फरक वाटतोय ना काकी?" ती दरवेळी विचारायची. फरक काही नव्हता. "वाटतो गो, थोडा थोडा," काकी म्हणायच्या. नाही म्हटलं आणि ती म्हणाली, मग येऊ नका, तर?

एका गुरुवारी दर्शनाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. काकींच्या डाव्या कानातली नळी निम्म्यावर आली होती तेव्हा तिचा फोन वाजला. नवऱ्याचा असावा. ती दाराबाहेर गेली आणि दबक्या आवाजात भांडू लागली. डोक्यावरचा हात गेला तरी काकी डुलकीतच होत्या. झोपेत त्यांनी मान थोडी फिरवली.

वितळलेलं मेण सरळ कानात उतरलं.

काकी किंचाळून उठल्या. उठताना जळती नळी टॉवेलवर पडली, टॉवेल पेटला, कानामागचे केस चरचरले. दर्शना धावत आली, तिने पाण्याची बाटली रिकामी केली, टॉवेल पायाखाली तुडवला. आग विझली. पण कानाच्या आत खोल कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय असं काकींना वाटत होतं. कान दोन्ही हातांनी दाबून त्या मागेपुढे झुलत होत्या.

"होतं कधीकधी असं," दर्शना म्हणाली. तिने कानात गार तेल सोडलं, वर कापूस लावला. "दोन दिवसांत बरं वाटेल. डॉक्टरकडे नका जाऊ काकी, ते उगाच घाबरवतात. आणि... कुणाला सांगू नका हं. जागेचा मालक आधीच कटकट करतोय."

"नाही गो सांगत," काकी म्हणाल्या.

दोन दिवसांत बरं वाटलं नाही. कानातून पाणी यायला लागलं, आणि एक बारीक शिट्टी, न थांबणारी. काकींनी कापूस बदलला, लसूण घालून तेल कढवलं आणि तेही घातलं. त्याने आणखी जाळ झाला. रविवारी निलेशचा फोन त्यांनी उजव्या कानाला लावला आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

मग लालबागच्या मसाला गल्लीत त्यांना भोवळ आली. मिरच्या घ्यायला गेल्या होत्या. एकाएकी रस्ता तिरका झाला, दुकानं फिरू लागली, आणि त्या एका पोत्यावर टेकल्या, नंतर कलंडल्याच. मिरच्यांची देठं खुडत बसलेली एक बाई हातातलं टाकून आली. तिने पाणी पाजलं आणि काकींचा पदर बाजूला करून बघितलं.

"मावशी, कानातून रक्तपाणी येतंय तुमच्या. घरचं कोण आहे बरोबर?"

"नाही कोण."

त्या बाईने टॅक्सी थांबवली, आत बसवलं आणि ड्रायव्हरला बजावून सांगितलं, "परळच्या मोठ्या हॉस्पिटलात सोड. दारात सोड हां, रस्त्यावर नको."

कान-नाक-घशाच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण हात हलका. तिने दुर्बिणीसारख्या यंत्रातून कानात पाहिलं.

"हे मेण कसलं आहे मावशी?"

काकींनी सांगितलं. दर्शनाचं नाव आणि गल्ली सोडून सगळं. डॉक्टरीणबाईने मेणाचा एकेक कण चिमट्याने काढला. काकींनी पलंगाची कड आवळून धरली होती. बाहेर आलेलं मेण मेणबत्तीच्याच रंगाचं होतं.

"कानाची नळी भाजलीय. आणि पडद्याला भोक पडलंय. तेल घातलंत ना वरून? त्याने जंतू आत गेले. आता पाण्याचा थेंबसुद्धा जाऊ द्यायचा नाही."

मग त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. आधी उजवा कान. बारीक बारीक आवाज येत होते, किड्यामुंगीएवढे. काकी बटण दाबत राहिल्या. मग डावा. त्यात शिट्टीच होती, आणि तिच्यामागे कधीतरी काहीतरी घुमल्यासारखं. काकी बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिल्या.

कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाली, "मुळात तुम्ही कशासाठी गेला होतात तिकडे?"

"ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांनी."

"कोणी सांगितलं? तपासले होते?"

"कोणी नाही. मलाच वाटायचं."

"उजवा कान चांगला आहे हो तुमचा. तुमच्या वयाला इतका चांगला मी रोज बघत नाही. आधी डावाही तसाच असणार."

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. "मग घरी काही ऐकू का येत नाही?"

"घरी कोण कोण असतं?"

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. बाहेर रांग होती, पण तिने घाई केली नाही.

"आणि ती घाण?" काकींनी विचारलं. "दर वेळी नळीतून निघायची ती? मी डोळ्यांनी बघितली."

"ती मेणबत्तीचीच असते मावशी. मेण आणि जळलेलं कापड. त्या ज्योतीने कानातलं काही ओढलं जात नाही. नुसती ग्लासात धरून जाळली तरी तेवढीच निघेल. बायका येतात अशा आमच्याकडे. कुणाच्या कानात मेण, कुणाचा गाल भाजलेला. मळ असेलच तर तो आम्ही काढतो, थेंब घालून, पाच मिनिटांत."

निलेश त्या संध्याकाळी आला. आईच्या कानावरची पट्टी पाहून आधी घाबरला आणि मग चिडला. "कोण आहे ती बाई? पत्ता दे. पोलिसांत तक्रार करतो, दुकान बंद करतो तिचं."

"नाव विचारलंच नाही मी."

"इतक्या वेळा गेलीस आणि नाव विचारलं नाहीस? आई, तू लहान आहेस का? कोणीही कानात मेणबत्ती लावतो म्हणतं आणि तू लावून घेतेस? कशाला जायचीस?"

"कान साफ करायला," काकी म्हणाल्या. दुसरं जे सांगायचं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. निलेशने चहा केला, औषधांच्या गोळ्या डबीत लावून ठेवल्या. बदलापूरला चल म्हणाला. त्याच्या दोन खोल्यांत प्राचीची आई होती, तिचा पाय मोडलेला होता. हे त्यालाही माहीत होतं आणि काकींनाही. "बघू," त्या म्हणाल्या.

चक्कर थांबल्यावर काकी दादरला गेल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या. दर्शना त्यांना पाहून उठली, "काकी, किती दिवसांनी! कान बरा आहे ना?" तिचा चेहरा मात्र उतरलेला होता. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, चप्पल काढून, हात मांडीवर ठेवून, आपल्या पाळीची वाट बघत.

"एक मेणबत्ती लाव दर्शना," काकी म्हणाल्या. "माझ्या कानात नको. ग्लासात."

"कशाला काकी?"

"लाव तर खरी."

दर्शनाने लावली. ग्लासाच्या तोंडावर कागदी थाळी, तिच्यात नळी. तिघंही ती जळताना बघत राहिली. मोबाईलवर पाणी वाहत होतं. बोटभर उरल्यावर काकींनीच कात्री उचलून थोटूक चिरलं. पिवळट भुकटी, तपकिरी गोळे. नेहमीएवढेच.

दर्शनाने थोटूक हातात घेतलं. तिला आधीपासून माहीत होतं की नाही ते काकींना तिच्या तोंडावरून कळेना. "क्लासमध्ये हेच शिकवलं मला," ती म्हणाली. "मी कधी करून नाही बघितलं असं."

काकी बाकावरच्या गृहस्थांकडे वळल्या. "माझ्या डाव्या कानाचा पडदा यात फाटलाय. नाही भरून आला तर ऑपरेशन. तुम्ही हॉस्पिटलात दाखवा. परळला चांगली डॉक्टर आहे."

गृहस्थ गोंधळले. एकदा दर्शनाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहून त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि खाली उतरले.

"माझं पोट आहे यावर," दर्शना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला आईसारखं मानलं मी. तुम्ही आता येऊ नका काकी."

"नाहीच येणार गो."

काकींना आणखी काही बोलायचं होतं. तिचा हात धरावा असंही वाटलं. पण दर्शनाने पाठ फिरवून पडदा ओढून घेतला, तेव्हा त्या आणलेला घावण्यांचा डबा न देताच निघाल्या. रात्री ते घावणे त्यांनी एकटीनेच खाल्ले. पुढे बऱ्याच दिवसांनी त्या गल्लीतून जाताना दिसलं, पाटीवरच्या कानाच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि खाली "फेशियल, मेंदी" असं लिहिलं होतं.

भोक आपणहून भरलं नाही. डॉक्टरीणबाईने नवा पडदा बसवायची तारीख दिली आणि नर्सने विचारलं, "सोबत कोण राहणार? सोबत लागतंच." नेमकं त्या दिवशी निलेशला भिवंडीच्या गोदामात हजर राहावं लागणार होतं. तो तारीख बदलून घे म्हणाला. तारीख बदलली असती तर पुढची पावसाळ्यानंतरची मिळाली असती.

काकींनी दोन दिवस विचार केला. मग एका रविवारी सकाळी समोरच्या दाराची बेल वाजवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आत कुणी आहे की नाही कळेना. परत फिरणार इतक्यात दार उघडलं. ती मुलगी, केस विस्कटलेले, कानांतून वायरी लोंबत होत्या.

"सॉरी, आवाज येतोय का माझा? मीटिंग असते रविवारी पण..."

"आवाज कसला, काहीच येत नाही," काकी म्हणाल्या. आणि मग एका दमात सगळं सांगितलं. आपलं नाव, ऑपरेशन, तारीख. "नुसतं बसायचं असतं बाहेर. सही करायची असते."

मुलीने कानातली वायर काढली. तिचं नाव दीपिका होतं, ती नागपूरकडची होती. तिने मोबाईलमध्ये काहीतरी पाहिलं. "मी लॅपटॉप घेऊन येईन काकू. चालेल ना?"

ती खरंच आली. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत बसली. दुसऱ्या दिवशी सोडलं तेव्हाही अर्धा दिवस रजा काढून न्यायला आली. पडदा नीट बसलाय, डॉक्टरीणबाई म्हणाली. ऐकू किती येईल ते काही महिन्यांनी कळेल, पूर्ववत व्हायचं नाही. शिट्टी कमी होईल, कदाचित राहीलही.

टॅक्सीत काकी उजव्या खिडकीशी बसल्या. डोक्याभोवती पांढरं बँडेज, डाव्या कानावर जाड कापूस. दीपिका त्यांच्या डाव्या बाजूला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती काकींकडे वळून काहीतरी बोलली. काहीतरी विचारत असावी, कारण उत्तराची वाट बघितल्यासारखी ती क्षणभर थांबली. काकींना नुसते ओठ दिसले.

"काय म्हणालीस गो?" त्यांनी मान पूर्ण वळवून उजवा कान पुढे केला.

"काही नाही काकू, असंच," दीपिका म्हणाली आणि हसली. सिग्नल सुटला. ती मोबाईलमध्ये ऑफिसचे निरोप बघू लागली. काकी थोडा वेळ तशाच, मान वळवून बसल्या. टाके ओढायला लागले तशी त्यांनी मान सरळ केली.